अप्पू हत्तीच्या अलीकडे, पलीकडे

नगरला तारकपूर स्टँडवर उतरून लालटाकीकडे जायचे म्हटले, की रिक्षावाला आधी एवढेच विचारतो, "अप्पू हत्तीच्या अलीकडं का पलीकडं?" घर नंबर, बिल्डिंगचे नाव, पिनकोड हे सगळे नंतर. औषधाच्या दुकानाच्या पिशवीवर, क्लासच्या पत्रकावर, भाड्याने खोली देण्याच्या जाहिरातीत 'अप्पू हत्ती चौक, लालटाकी' एवढे छापले की काम भागते. गेल्या दोन-तीन वर्षांत शहराचे आणि जिल्ह्याचे नाव सरकारदरबारी बदलून अहिल्यानगर झाले. एस.टी.च्या पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली. हत्ती मात्र पत्त्यात होता तसाच राहिला.

माझी आत्या पाथर्डीकडच्या एका खेड्यात राहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण आमच्याकडे यायला तिला कधी कुणाला आणायला पाठवावे लागले नाही. एस.टी.तून उतरायची, धान्याचे गाठोडे रिक्षात ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, त्या हत्तीपाशी सोड मला." तिथून पुढची वळणे तिला पाठ होती. उतरल्यावर चौकातल्या हत्तीच्या पुतळ्याला हात जोडल्याशिवाय ती पाऊल पुढे टाकत नसे. मी एकदा म्हटले, "आत्या, तो देव नाही, खेळांचा हत्ती आहे." ती म्हणाली, "आसू दे की. सोंड हाय ना त्याला?"

खेळांचा हत्ती म्हणजे दिल्लीच्या आशियाई स्पर्धांचा. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात दिल्लीत नववे आशियाई खेळ झाले आणि अप्पू नावाचे हत्तीचे पिल्लू त्यांचे शुभचिन्ह होते. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. त्यामुळे एका पिढीच्या आठवणीत पहिला रंग आणि अप्पू हे एकमेकांना चिकटून आहेत. अप्पू हे नुसते चित्र नव्हते, एक खरा हत्तीही त्याच्यामागे होता. केरळमधल्या कुट्टिनारायणन नावाच्या पिल्लाला अप्पू म्हणून दिल्लीला नेले होते. खेळ संपले, पिल्लू केरळात परतले आणि पुढे लहानपणीच एका खड्ड्यात पडून त्याचा पाय मोडला. तो पाय कधी नीट बरा झाला नाही. २००५ साली तो वारला. दिल्लीत त्याच्या नावाने १९८४ मध्ये अप्पू घर निघाले, लाखो मुले तिथे पाळण्यांत बसली आणि २००८ मध्ये तेही बंद पडले. ज्या खेळांसाठी अप्पू जन्मला, त्यांतली पदके कुणी मिळवली हे आज चटकन कुणी सांगू शकणार नाही. दिल्लीपासून इतक्या लांब, नगरच्या एका चौकात मात्र त्याचे नाव दिवसातून हजार वेळा उच्चारले जाते.

हे असे का होते, याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे. मला सापडलेले उत्तर सोपे आहे. वस्तीची खूण कोण उभी करतो याला फारसे महत्त्व नसते. ती बघून जो रस्ता सांगतो, तो तिला खूण बनवतो. आणि रस्ता सांगणाऱ्याला जनावर फार सोयीचे पडते. ते वाचावे लागत नाही. त्याला आडनाव नसते, त्यामुळे ते अमक्याचे आणि तमक्याचे नाही अशी वाटणी होत नाही. मुसलमान रिक्षावाला, मारवाडी दुकानदार, पाथर्डीची आत्या आणि सावेडीत क्लासला जाणारी मुलगी हे चौघे एकाच हत्तीवरून वळतात. आपल्या शहरांत सगळ्यांची म्हणता येईल अशी फार थोडी ठिकाणे उरली आहेत. म्हणून मला या हत्तीची किंमत फार वाटते.

मुंबईत याचा मोठा दाखला आहे. इंग्लंडचा युवराज एडवर्ड १८७५ साली मुंबईला येऊन गेला. त्याच्या स्मरणार्थ आल्बर्ट ससून यांनी घोड्यावर बसलेला त्याचा पुतळा करवून घेतला आणि १८७९ मध्ये तो फोर्ट भागात उभा राहिला. बोहम नावाच्या नामांकित शिल्पकाराचे ते काम होते. एवढा खर्च, एवढा थाट, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसणारा माणूस, आणि मुंबईकरांनी त्या जागेला नाव काय दिले? काळा घोडा. राजा त्यांना दिसलाच नाही. १९६५ साली पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवला. घोडा गेला तरी जागा काळा घोडाच राहिली, आणि अखेर २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला गेला. त्याच्या पाठीवर कुणीही स्वार नाही. जवळजवळ दीडशे वर्षे लोक जे म्हणत होते, ते शिल्पकाराने शेवटी मान्य केले असे मला ते बघताना वाटले.

त्याच राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी, घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो फुटला, आणि पुढे १९१४ मध्ये तुकडे जोडून त्याला पुन्हा उभे केले. बेटावर आज तो नाही, तरी जगभरचे प्रवासी त्याचेच नाव घेऊन बोटीत बसतात. अजिंठ्यालाही असेच आहे. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी दाराच्या दोन बाजूंना दोन हत्ती कोरलेले आहेत. ह्युएन त्संगने सातव्या शतकात आपल्या प्रवासवर्णनात डोंगरातल्या एका विहाराबाहेरच्या दगडी हत्तींची नोंद केली, आणि अभ्यासक तो विहार म्हणजे अजिंठा असे मानतात. आतली चित्रे, सभामंडप, सगळे वैभव एकीकडे. दुसऱ्याला जागा ओळखता यावी म्हणून सांगायची वेळ आली, की चिनी भिक्षूच्या लेखणीतही दारातला हत्ती येतो.

नगर तर हत्तींचेच गाव. अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळची लढाई जिंकली आणि पुढे तिथेच शहर वसवले. त्याची कबर दिल्ली दरवाजाबाहेर बागरोजात आहे. त्या परिसरात आणखी एक दगडी स्मारक दाखवतात, ते गुलामअली नावाच्या हत्तीचे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला ज्याने पकडले तो हा हत्ती, असे सांगतात. त्या लढाईचे पुढे काय झाले, विजयनगरची राखरांगोळी कशी झाली, हे इतिहासात आहे आणि ते वाचताना मन जड होते. पण निजामशाहीचे सरदार, वजीर, मनसबदार यांतल्या कितीकांच्या कबरी आज कुणाच्या म्हणून ओळखू येत नाहीत, आणि एका जनावराचे नाव साडेचारशे वर्षे टिकले आहे. नगरच्या बारवांमध्येही हत्ती बारव आहेच.

आणि नगरने घडवलेले सगळ्यांत मोठे जनावर आज नगरमध्ये नाही. मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ साली नगरात ओतली गेली. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या मुहम्मद रूमी या तुर्की कारागिराचे हे काम. लांबी चौदा फुटांवर, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी उभे राहून बघितले तरच ती काय आहे ते कळते. तोफेचे तोंड म्हणजे आ वासलेल्या सिंहाचा जबडा आहे, आणि त्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक छोटा हत्ती सापडला आहे. हत्तीची पाठ सिंहाच्या सुळ्यांखाली, अंग अर्धे आत गेलेले. ओतकामात एवढे बारीक काम करायची तोफेला काही गरज नव्हती. त्याशिवायही ती तेवढीच लांब मारा करती. पण शत्रूला लांबून दिसावे, आपल्या माणसाला जवळून कौतुक वाटावे, म्हणून कारागिराने ते केले. ती आधी परांड्याला गेली, १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली, आणि आज विजापुरात शेरजा बुरुजावर आहे. त्या बुरुजावरही दगडात सिंह कोरलेले. १८५४ मध्ये भंगार म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला तेव्हा बोली आली दीडशे रुपये. सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला. नगरच्या माणसाने विजापूरला गेल्यावर गोलघुमटाआधी तिथे जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते आपल्या गावचे काम आहे.

आता भिंतींकडे येतो, कारण मला बोलायचे आहे ते पुढच्या हत्तीबद्दल.

भिंतीवर जनावर काढणे आपल्याकडे नवे नाही. लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंना हत्ती, भालदार-चोपदार आणि केळीचे खांब रंगवायची रीत माझ्या लहानपणापर्यंत चांगली चालू होती. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीवर गेरूचा आणि निळीचा हत्ती, सोंडेत हार, पाठीवर झूल. लग्न उरकले तरी दोन पावसाळे तो भिंतीवर असायचा. मुलगी माहेरी यायची तेव्हा हत्ती फिका झालेला असायचा, पण घर त्याच्यावरून ओळखू यायचे. नंतर सिनेमाची पोस्टरे आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांनी ही कला सांभाळली. मग फ्लेक्स आला आणि एका रात्रीत छापून मिळणाऱ्या चेहऱ्यांनी चौक भरले.

पेंटर मोठ्या भिंतीवर जनावर कसे चढवतो ते एकदा उभे राहून बघण्यासारखे असते. आधी भिंत खरवडून धुतात, पोपडे काढतात, भेगा बुजवून प्रायमर मारतात. मग छोट्या कागदावरच्या चित्रावर चौकोन पाडतात आणि तेवढेच चौकोन सुताने भिंतीवर. कागदावर एका चौकोनात नखाएवढा कान असतो, भिंतीवर तोच चौकोन माणसाच्या उंचीचा होतो. परांचीवर चढलेल्या माणसाला समोर फक्त करडा रंग दिसतो. हत्ती त्याला दिसत नाही. म्हणून चांगला पेंटर सारखा खाली उतरतो, रस्ता ओलांडतो, समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा राहून डोळे बारीक करून बघतो आणि परत चढतो. डोळा तो शेवटी काढतो. हत्तीचा डोळा त्याच्या देहाच्या मानाने फारच लहान असतो, आणि भिंतीवर तो मोठा काढायचा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो. मोठा काढला की हत्ती बाहुला दिसतो. लहान काढला, वर सुरकुत्यांच्या दोन ओळी दिल्या, की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून वर बघतो.

अलीकडे स्वच्छता अभियानाच्या निमित्ताने महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांच्या भिंती पुन्हा रंगू लागल्या आहेत. हे चांगलेच झाले. पान-तंबाखूच्या पिचकाऱ्यांपेक्षा मोर केव्हाही बरा. पण त्या भिंती बघत फिरताना मला एक गोष्ट सतत टोचते. सगळीकडे तोच वाघ, तोच मोर, तेच फुलपाखराचे पंख, ज्यांच्यामध्ये उभे राहून फोटो काढायचा. अंगणवाडीच्या भिंतीवर जिराफ, झेब्रा आणि पेंग्विन. मुलांना ते जरूर कळावेत. पण कर्जतच्या मुलाला पेंग्विन ओळखता यावा आणि आपल्या माळावरचे काळवीट केवळ 'हरीण' म्हणून माहीत असावे, हे मला पटत नाही.

लंडनमध्ये ब्रिक लेन या भागात बंगाली वस्ती मोठी आहे. तिथल्या एका उंच भिंतीवर बेल्जियमचा एक चित्रकार २०१० साली काळ्या-पांढऱ्या रंगात बगळा काढत होता. जाणारे-येणारे बंगाली त्याला विचारू लागले, हा सारस आहे का? त्यांच्या लेखी सारसाला मोल होते. चित्रकाराने बगळ्याचा सारस केला. तो पक्षी त्या गल्लीची खूण झाला. त्याच चित्रकाराने हॅकनी रोडवर एका इमारतीच्या अंगावर भला मोठा ससा काढला. पालिकेने तो पुसून टाकण्याची नोटीस दिली. आसपासच्या रहिवाशांनी सह्या गोळा केल्या आणि ससा वाचवला. या दोन्ही गोष्टींत मला चित्रकारापेक्षा शेजारी जास्त आवडतात. भिंतीवर काय असावे हे त्यांनी सांगितले आणि ते टिकावे म्हणून ते उभे राहिले.

नगर जिल्ह्यापाशी भिंतीला देण्यासारखे खूप आहे. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटांसाठी राखले गेले. अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरचे रान. तिथला प्रौढ नर उन्हात उभा असतो तेव्हा पाठ जवळजवळ काळी, पोट पांढरे आणि पीळ घातलेली शिंगे. डोळ्याभोवती पांढरे वर्तुळ असते. पेंटरने तेवढे वर्तुळ नेमके काढले तर चार मजले उंचीवरूनही ते जनावर बघणाऱ्याकडे बघते. अकोले तालुक्यातल्या खोऱ्यात विद्या अत्रेय यांनी उसाच्या शेतांत आणि वस्त्यांच्या कडेला कॅमेरे लावून बिबट्यांचा अभ्यास केला, तेव्हा जंगल नसलेल्या भागात बिबटे माणसांच्या शेजारी राहतात आणि तिथेच पिल्ले वाढवतात हे जगासमोर आले. बिबट्याने ज्यांची माणसे नेली त्या घरांचे दुःख मी हलके करत नाही. म्हणूनच बिबट्याचे चित्र शहराच्या चौकात नको, असे माझे मत आहे. तो भीतीचा विषय झाला आहे, आणि ज्या चित्रावरून रस्ता सांगायचा ते सगळ्यांना आपले वाटले पाहिजे.

माझ्या मनात आहे तो माळढोक. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. श्रीगोंदा, कर्जतचे माळ त्यात होते. पुढे ते आखडून सव्वाबाराशेच्या आसपास आणले गेले. एवढ्या मोठ्या प्रदेशात लोकांची शेते, घरे, रस्ते होते, जमिनीचे व्यवहार अडत होते, आणि त्यांचीही बाजू होती. पण पक्षी उरला नाही. देशभरात आता दीडशेच्या आसपासच माळढोक राहिले आहेत, बहुतेक राजस्थानात. सोलापूरजवळ नान्नजलाही तो दिसणे आता दुर्मीळ झाले आहे. जैसलमेरकडे अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे आणि त्यातून पिल्ले जन्मली आहेत. एवढीच काय ती आशा.

मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोक्यावर काळी टोपी, लांब पांढरी मान, छातीवर काळा पट्टा, पाठ वाळलेल्या गवताच्या रंगाची. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, समोरचे नीट दिसत नाही. म्हणून उडताना विजेच्या तारांवर आपटून तो मरतो. पेंटरला हे ठाऊक असले पाहिजे. माळढोक समोरून काढता येणार नाही, तो बाजूनेच काढावा लागेल. एका बाजूला बघणारा, मान ताठ, पाय वाळल्या गवतात.

आत्या आता नाही. पण तिच्या लहानपणी पाथर्डीच्या पलीकडच्या माळावर तिने तो नक्की बघितला असणार, असे मला वाटते. ती 'हूम' नावाच्या एका मोठ्या पाखराबद्दल बोलायची. 'त्याच्या आवाजावरून पडलेलं नाव' म्हणायची, आणि छाती फुगवून तो आवाज काढून दाखवायची. आम्ही हसायचो. त्या आवाजाचा धनी आज तिच्या गावात नाही आणि त्याचा आवाज काढून दाखवणारेही थोडेच उरले असतील. नगरच्या एखाद्या चौकात, आसपासच्या दोन गल्ल्यांतून दिसेल अशा भिंतीवर, तीन-चार मजले उंच माळढोक उभा राहिला, तर वर्षभरात रिक्षावाले विचारू लागतील, "माळढोकाच्या अलीकडं का पलीकडं?" शाळेत जाणारे पोर बापाला विचारेल की हा कुठे असतो. बापाला उत्तर द्यावे लागेल. चित्राने पक्षी परत येणार नाही, हे मला कळते. पण ज्याचे नाव रोज तोंडात येते त्याच्यासाठी माणसे सह्या करतात, आणि ज्याचे नावच माहीत नाही त्याच्या माळावर प्लॉट पडतात तेव्हा कुणी विचारायलाही जात नाही.

यासाठी फार काही लागत नाही. भिंत उत्तरेकडे तोंड असलेली हवी, कारण आपल्याकडचे ऊन दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवरचा रंग लवकर खाते. वरून पागोळ्या गळत नसाव्यात, आतून ओल नसावी. बाहेरच्या भिंतीचा चांगला रंग हवा. पक्षी ओळखणाऱ्या एखाद्या माणसाने पेंटरच्या शेजारी उभे राहायला हवे. आणि भिंतीच्या मालकाने त्यावर निवडणुकीत किंवा वाढदिवसाला फ्लेक्स लावू देणार नाही, असा शब्द द्यायला हवा. ही शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे.

सावेडीत, केडगावात, भिंगारमध्ये, कुठेही अशी भिंत तुमच्या मालकीची किंवा ओळखीतली असेल तर ती रिकामी ठेवू नका. पेंटर नगरमध्ये अजून आहेत, आणि त्यांना काम हवे आहे.